लाराव्हेल डेटाबेसशिवाय चालवायचं असेल तर

प्रश्न नांदेडच्या एका तरुणाचा आहे. काकांचं नवा मोंढ्यात आडत दुकान आहे. लोहा-कंधारकडचे शेतकरी सकाळी उठल्यापासून फोन करून भाव विचारतात, म्हणून त्याने एक साधं वेबपान बनवलं: सोयाबीन, हळद, हरभरा यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. आकडे केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या एपीआयवरून (प्रोग्रामला माहिती पुरवणाऱ्या सेवेवरून) येतात. लॉगिन नाही, फॉर्म नाही, डेटाबेस नाही. लाराव्हेल 11 (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) वापरलंय. लॅपटॉपवर सगळं चालतं, सर्व्हरवर टाकलं की 500 एरर, आणि लॉगमध्ये एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल सापडत नसल्याची तक्रार. एका मित्राने सुचवलं की मायएसक्यूएल (वेगळा चालणारा डेटाबेस सर्व्हर) बसव, रिकामा डेटाबेस जोडून दे, गप्प बसेल. तो विचारतो: मी एकही क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लिहिली नाही, मग लाराव्हेल डेटाबेस मागतंच का? त्याशिवाय चालवता येईल का? आणि पुढे काकांना पानावर रोजची सूचना टाकायची असेल तर काय करू?

पहिल्यांदा हे सांगतो की मित्राचा सल्ला ऐकू नका. नुसता रिकामा डेटाबेस जोडून एरर जाणारही नाही. त्यात मायग्रेशन (टेबलं तयार करणारी कमांड) चालवलं तर जाईल, पण कारण तसंच राहील. शिवाय ज्याची गरज नाही असा एक सर्व्हर तुम्हाला सांभाळावा लागेल. एखाद्या रात्री मायएसक्यूएल बंद पडलं, तर ज्या पानाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही तेही बंद पडेल.

लाराव्हेलला स्वतःला डेटाबेस लागत नाही. ते सुरू होताना डेटाबेसशी जोडणी करतच नाही. कॉन्फिगमध्ये फक्त पत्ता वाचून ठेवतं. खरी जोडणी पहिली क्वेरी सुटते त्या क्षणी होते. म्हणजे एरर आली याचा अर्थ एकच: कुणीतरी क्वेरी सोडली. तुम्ही नाही, तर तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी. तो कोण हे शोधायचं, एवढंच काम आहे.

तुमच्या बाबतीत तो सेशन (पान उघडणाऱ्याची आठवण ठेवणारी नोंद) आहे, हे मी लॉग न बघताही सांगू शकतो. मार्च 2024 मध्ये लाराव्हेल 11 आलं तेव्हा नव्या प्रोजेक्टची मूळ मांडणी बदलली. आधीच्या आवृत्तीत सेशन आणि कॅश (पुन्हा वापरायला साठवलेली माहिती) फाइलमध्ये राहायचे आणि क्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) जागच्या जागी चालायचा. 11 पासून हे तिन्ही डेटाबेसवर गेले, आणि डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट आलं. प्रोजेक्ट तयार करताना लाराव्हेल स्वतःच एसक्यूलाइटची रिकामी फाइल बनवतं आणि मायग्रेशन चालवून त्यात सेशनचं टेबलही घालून ठेवतं. म्हणून लॅपटॉपवर तुम्हाला काही जाणवलंच नाही. तिथे डेटाबेस होता, तुम्हाला माहीत नव्हता. ही फाइल गिटमध्ये (कोड साठवून सर्व्हरवर नेण्याच्या साधनात) जात नाही, कारण डेटाबेस फोल्डरमधल्या गिटइग्नोरमध्ये ती आधीपासून वगळलेली असते. सर्व्हरवर कोड पोहोचला, फाइल नाही पोहोचली. वेब गटातल्या प्रत्येक मार्गावर (पानाच्या पत्त्यावर) सेशन सुरू करणारं मिडलवेअर (पानाच्या आधी चालणारा कोड) बसलेलं असतं. पान कितीही साधं असो, पहिल्याच विनंतीला ते सेशनच्या टेबलात जाऊन बघतं. तिथेच पान पडतं.

माझ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतः तपासा, ही सवय पुढे फार उपयोगी पडते. स्टोरेजमधल्या लॉग्ज फोल्डरमध्ये लाराव्हेलची लॉग फाइल उघडा आणि एररच्या पहिल्या ओळीवर न थांबता खालचा स्टॅक ट्रेस (कोणत्या कोडने कोणाला बोलावलं ती यादी) वाचत जा. सुरुवातीच्या बऱ्याच ओळी डेटाबेसच्या आतल्या वर्गांच्या असतात, त्या सोडून द्या. त्यांच्या खाली ज्याने क्वेरी सोडली त्याचं नाव असतं. डेटाबेससेशनहँडलर दिसला तर सेशन. कॅशच्या नेमस्पेसमधला डेटाबेसस्टोअर दिसला तर कॅश. डेटाबेसक्यू असेल तर क्यू. इलोक्वेंटयूजरप्रोव्हायडर म्हणजे कुठेतरी लॉगिन झालेला वापरकर्ता विचारला जातोय. डेटाबेसप्रेझेन्सव्हेरिफायर म्हणजे व्हॅलिडेशनमध्ये युनिक किंवा एक्झिस्ट्स हा नियम लावलाय, जो नावाप्रमाणेच टेबलात बघून ठरतो. आणि यापैकी काहीच न दिसता तुमच्याच ॲप फोल्डरमधली फाइल दिसली, तर दोष तुमच्या कोडमध्ये आहे. त्यावर पुढे येतो.

आता दुरुस्ती. एन्व्ह फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) तीन ओळी बदलायच्या आहेत: सेशन ड्रायव्हर फाइल, कॅश स्टोअर फाइल, क्यू कनेक्शन सिंक. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती नेहमीप्रमाणे इंग्रजी कॅपिटलमध्येच असतील.) इथे जुन्या व्हिडिओंवरून काम करणारी बरीच मुलं अडकतात. कॅशच्या ओळीचं नाव आधी कॅश ड्रायव्हर होतं, 11 मध्ये ते कॅश स्टोअर झालं. जुन्या नावाने ओळ लिहिली तर एरर येत नाही, ती नुसती दुर्लक्षिली जाते आणि कॅश डेटाबेसवरच राहतो.

मग आर्टिसनची (लाराव्हेलच्या टर्मिनलमधल्या साधनाची) कॉन्फिग क्लिअर ही कमांड चालवा, आणि ती एकटीच चालवा. सर्व्हरवर कॉन्फिग कॅश केलेलं असेल तर एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही. तुम्ही त्यात काहीही लिहा, जुनंच चालू राहतं. लोक सवयीने ऑप्टिमाइझ क्लिअर चालवतात. ती कमांड कॉन्फिगबरोबर ॲपचा कॅशही पुसायला जाते, आणि त्या क्षणी तिच्याकडे जुनंच कॉन्फिग असतं, म्हणून ती कॅश पुसायला डेटाबेसकडे धावते आणि तीच एरर देऊन मरते. होस्टिंगवर टर्मिनल मिळत नसेल तर फाइल मॅनेजरमधून बूटस्ट्रॅपच्या आतल्या कॅश फोल्डरमधली कॉन्फिगची पीएचपी फाइल हाताने उडवली तरी तेच काम होतं. शेवटी आर्टिसनची अबाउट कमांड द्या. ती सध्या प्रत्यक्षात कोणता ड्रायव्हर लागू आहे ते छापून दाखवते. सेशन, कॅश, क्यू यांच्यापुढे डेटाबेस हा शब्द दिसता कामा नये.

सेशनला फाइलऐवजी दुसरे पर्यायही आहेत, पण ते समजून घ्या. ॲरे हा ड्रायव्हर टेस्टसाठी आहे. विनंती संपली की तो सगळं विसरतो, त्यामुळे पुढे कधी फॉर्म टाकलात तर तो भरणाऱ्या प्रत्येकाला 419, पान कालबाह्य झालं, असं उत्तर मिळेल, कारण फॉर्मसोबत आधी दिलेलं ओळखीचं टोकन कुणाच्या लक्षातच नाही. कुकी ड्रायव्हर सगळा सेशन एन्क्रिप्ट करून ब्राउझरकडे ठेवतो. सर्व्हरवर काहीच साठत नाही हे छान, पण ब्राउझर साधारण 4 केबीपेक्षा मोठी कुकी घेत नाहीत. मोठा फॉर्म चुकला आणि भरलेली माहिती परत दाखवायला सेशनमध्ये ठेवली की ती मर्यादा ओलांडली जाते आणि सेशन गुपचूप हरवतो. एकाच सर्व्हरवरच्या पानासाठी फाइल उत्तम. सर्व्हर दोन झाले की फाइल चालणार नाही, कारण एकाची फाइल दुसऱ्याला दिसत नाही, तेव्हा रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा सर्व्हर).

तुमच्या पानाला मात्र सेशनच नको, असं माझं मत आहे. लॉगिन नाही, फॉर्म नाही, मग गावागावातून पान उघडणाऱ्या प्रत्येक फोनसाठी आणि प्रत्येक बॉटसाठी सर्व्हरवर एक छोटी फाइल कशाला बनवायची? भावाच्या मार्गावरून सेशनचं मिडलवेअर काढून टाका. फक्त एकटं काढू नका. एररचे संदेश सेशनमधून व्ह्यूकडे (पानाच्या साच्याकडे) नेणारं मिडलवेअर आणि सीएसआरएफचं (फॉर्म आपल्याच पानावरून आला का ते तपासणारं) मिडलवेअर, दोघेही सेशनवर अवलंबून आहेत. सेशन काढून ते ठेवलेत तर विनंतीवर सेशन बसवलेला नाही अशी नवी एरर येईल. तिघांनाही एकत्र वगळा. याचा मोठा फायदा असा की पानाबरोबर कुकी जात नाही, आणि कुकी नसलेलं पान सीडीएनवर (वाचकाजवळच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) सरळ कॅश करता येतं. भोकर किंवा मुखेडच्या एखाद्या वाडीवर जिथे नेटवर्कची एकच कांडी येते, तिथे पान लवकर उघडतं ते अशाच गोष्टींमुळे.

क्यू सिंक केला म्हणजे काम मागच्या दाराने न होता त्याच विनंतीत होतं. ईमेल पाठवायला वेळ लागला तर वापरणारा तेवढा ताटकळतो. तुमच्याकडे क्यू नाहीच, त्यामुळे सोडून द्या. पुढे कधी रेडिसवर वर्कर चालवलात तर फसलेल्या कामांची नोंद मूळ मांडणीत डेटाबेसमध्ये होते, तिचा ड्रायव्हर वेगळा बदलावा लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता तुमच्या स्वतःच्या कोडबद्दल. तुमच्या पानात हे नसेल, पण असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाकीच्यांत हेच कारण सगळ्यात जास्त सापडतं. ॲपसर्व्हिसप्रोव्हायडरच्या बूट मेथडमध्ये (ॲप सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) कुणीतरी सेटिंग्जचं टेबल वाचून सगळ्या व्ह्यूंना देऊन ठेवलेलं असतं. बूट प्रत्येक विनंतीला चालतं, आणि प्रत्येक आर्टिसन कमांडलाही चालतं. म्हणून सर्व्हरवर कंपोझर या साधनाने पॅकेजेस बसवतानाच, ती शोधण्याच्या टप्प्यावर, डेटाबेसची एरर येते आणि माणूस चक्रावून जातो की अजून साइट उघडलीही नाही तर क्वेरी कुठून आली. यावर टेबल आहे का असं आधी विचारण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो फसवा आहे, कारण टेबल आहे का हे विचारायलाही जोडणी करावीच लागते. बूटमधून क्वेरी बाहेर काढा. माहिती व्ह्यू कंपोझरमध्ये न्या, म्हणजे तो व्ह्यू खरंच रंगवायचा असेल तेव्हाच ती वाचली जाईल. किंवा कंटेनरमध्ये सिंगलटन म्हणून बांधा, म्हणजे कुणी मागितली तरच.

काही जण याहून टोकाला जातात आणि डेटाबेसची कॉन्फिग फाइलच काढून टाकतात. 11 पासून त्याचा उपयोग नाही. प्रोजेक्टमध्ये फाइल नसेल तर फ्रेमवर्क स्वतःची मूळ कॉन्फिग वापरतं, आणि त्यात एसक्यूलाइट बसलेलंच आहे. फाइल ठेवून आतली कनेक्शन्स पुसलीत तरी फ्रेमवर्कची मूळ यादी त्यात मिसळली जाते. डेटाबेसचा सर्व्हिस प्रोव्हायडर काढण्याच्याही भानगडीत पडू नका. नुसता असल्याने तो काही खात नाही.

त्याऐवजी मी करतो ते असं: एन्व्हमध्ये डीबी कनेक्शनच्या ओळीत अस्तित्वातच नसलेलं नाव लिहितो, उदाहरणार्थ नन. लाराव्हेलला ते पूर्ण चालतं, कारण जोपर्यंत क्वेरी नाही तोपर्यंत ते नाव कुणी बघत नाही. पण उद्या एखादं नवं पॅकेज टाकलं आणि त्याने लपून क्वेरी सोडली, तर तत्क्षणी स्पष्ट एरर येते की नन नावाचं कनेक्शन कॉन्फिगमध्ये नाही. जुना मायएसक्यूएलचा पत्ता तसाच ठेवलात आणि मध्ये फायरवॉल असेल, तर हीच चूक लगेच न कळता पान नुसतं लोंबकळत राहतं. लॅपटॉपवरही हेच नाव ठेवा. लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर एक अशी मांडणी ठेवली म्हणूनच तर हा प्रश्न उभा राहिला.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो. डेटाबेस नाही म्हटल्यावर माहिती कुठेतरी ठेवावी लागणारच, आणि ती कशी ठेवता यावर पानाचा भरवसा ठरतो. पान उघडताना एपीआयला विचारू नका. लाराव्हेलचा एचटीटीपी क्लायंट मूळ मांडणीत 30 सेकंदांपर्यंत उत्तराची वाट बघतो. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढते, एकाच वेळी शेकडो लोक पान उघडतात, आणि नेमका तेव्हा पलीकडचा सर्व्हर मंदावला तर तुमच्या पीएचपीचे सगळे वर्कर तिकडे हात पसरून उभे राहतील. त्याऐवजी एक आर्टिसन कमांड लिहा, शेड्युलरला लावा, ती ठरावीक वेळाने भाव आणून जेसन फाइलमध्ये (ठरावीक रचनेच्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवेल. पान फक्त ती फाइल वाचेल. चाळणं, क्रम लावणं हे सगळं लाराव्हेलच्या कलेक्शनवर झकास होतं. त्यासाठी इलोक्वेंट (लाराव्हेलचं डेटाबेसच्या टेबलांशी बोलणारं साधन) लागत नाही. इलोक्वेंटचाच हट्ट असेल तर सुशी नावाचं पॅकेज ॲरेवर मॉडेल चालवतं, पण ते आतून एसक्यूलाइट वापरतं, म्हणून सर्व्हरवर पीडीओचा (पीएचपीच्या डेटाबेस जोडणाऱ्या भागाचा) एसक्यूलाइट ड्रायव्हर असावा लागतो.

फाइल लिहिताना सरळ त्याच फाइलवर लिहू नका. लिहिणं अर्ध्यात असताना कुणी वाचलं तर त्याला अर्धवट जेसन मिळेल आणि पान फुटेल. बाजूला तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहून मग नाव बदलायचं. लिनक्सवर एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, मधली स्थिती कुणालाच दिसत नाही. लाराव्हेलच्या फाइल फसाडमध्ये रिप्लेस ही मेथड नेमकं हेच करते. आणि जुनी फाइल बदलण्याआधी नवी माहिती तपासा. एपीआयकडून 200 (सगळं ठीक) उत्तर आलं पण नोंदींची यादी रिकामी, असं घडतं. अशा वेळी जुनी फाइल राहू द्या.

तारखेबाबत एक फार बारीक पण घातक गोष्ट आहे. नोंदीतली तारीख दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने तिरप्या रेघा देऊन येते. ती कार्बन या तारखांच्या लायब्ररीच्या पार्सला तशीच दिलीत तर पीएचपी तिरप्या रेघांची तारीख अमेरिकन क्रमाने वाचतं. 05/11/2024 म्हणजे आपल्यासाठी 5 नोव्हेंबर. ते समजतं 11 मे. महिन्याच्या 13 तारखेपासून पुढे एरर तरी येते, कारण तेरावा महिना नसतो. पहिले 12 दिवस मात्र चुकीची तारीख बिनबोभाट छापली जाते. क्रिएट फ्रॉम फॉरमॅट वापरून क्रम स्वतः सांगा. ॲपचा टाइमझोनही एशिया-कोलकाता करून घ्या. मूळचा यूटीसी ठेवलात तर पहाटे साडेपाचपर्यंत पान कालचाच दिवस धरून बसेल, आणि आपले शेतकरी त्याच्या आत उठलेले असतात.

भावाशेजारी त्या नोंदीची तारीख ठळक छापा, पान कधी उघडलं ती नव्हे. रविवारी किंवा सणाला मोंढा बंद असतो, एपीआयवर नोंद उशिराही चढते. तीन दिवसांपूर्वीचा दर आजचा म्हणून दिसला आणि त्यावर भिस्त ठेवून कुणी टेम्पो भाड्याने करून माल आणला, तर त्या माणसाचं नुकसान खरं असतं. नोंद दोन दिवसांपेक्षा जुनी असेल तर मी आकड्यावरच पट्टी टाकून लिहीन की हा जुना भाव आहे, दुकानात फोन करून खात्री करा.

परवानग्यांचं एका ओळीत: स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपमधला कॅश फोल्डर यांवर वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला लिहिता आलं पाहिजे, आणि शेड्युलरचा क्रॉनही (ठरल्या वेळी कमांड चालवणारी नोंद) त्याच वापरकर्त्याच्या नावाने लावा. रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्याच्या) नावाने लावला तर रूटने बनवलेल्या फाइलवर पीएचपीला लिहिता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी वेगळीच एरर समोर येते.

दुसरं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. कोडइग्नायटर 3 मध्ये ऑटोलोडच्या फाइलमधल्या लायब्ररींच्या यादीतून डेटाबेस हा शब्द काढला की बहुतेक वेळा काम भागतं. सिम्फनीमध्ये डॉक्ट्रिन (डेटाबेससाठीची लायब्ररी) बसवलेलंच नसेल तर प्रश्नच नाही. बसवलं असेल तर कॉन्फिगमध्ये डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती लिहून ठेवा, नाहीतर ती विचारायला डॉक्ट्रिन स्वतःहून जोडणी करतं.

राहिला काकांच्या सूचनेचा प्रश्न. "उद्या काटा बंद", "हळदीचा सौदा दुपारी" अशी एक ओळ बदलायची असेल तर तीही मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. ती बदलण्याच्या पानाला लाराव्हेलचं लॉगिन लावू नका. त्याचं बेसिक ऑथचं मिडलवेअरसुद्धा वापरकर्ता शोधायला टेबलातच जातं. त्या एका पत्त्यावर इंजिनएक्स किंवा अपाची या वेब सर्व्हरचंच पासवर्डचं कुलूप लावा, एचटीटीपीएसवरच. आणि त्या पानावर फॉर्म असल्यामुळे तिथे सेशन आणि सीएसआरएफची मिडलवेअर ठेवा. तिथे सेशन ड्रायव्हर फाइल कामाला येईल.

पण काकांनी उद्या म्हटलं की शेतकऱ्यांनी आपला माल किती, कधी आणणार ते पानावरच नोंदवावं, तर त्या दिवशी फाइलींचा नाद सोडा. दोन माणसांनी एकाच वेळी नोंद केली की जेसन फाइलमध्ये एकाची नोंद दुसऱ्याखाली पुसली जाणार, आणि ते सांभाळायला तुम्ही जे कुलपाचं तंत्र लिहाल ते डेटाबेसमध्ये आधीच जास्त चांगलं लिहिलेलं आहे. तेव्हाही मायएसक्यूएलकडे धावायची गरज नाही. डीबी कनेक्शनमध्ये ननच्या जागी एसक्यूलाइट लिहा, फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा, सर्व्हरवर मायग्रेशन चालवा आणि त्या फाइलचा रोज बॅकअप घ्या. भावाचं पान मात्र तेव्हाही जेसन फाइलवरच राहू द्या, म्हणजे नोंदणीत काही बिघडलं तरी भाव दिसत राहतील.